केरबा, तुझ्या अंगात कुणी आलं नव्हतं

केरबा, काल तुझी शोकसभा झाली. तू असतास तर मागच्या भिंतीला पाठ लावून, डोळे अर्धे मिटून ऐकत बसला असतास आणि मला तुझा राग आला असता. तू नव्हतास, तरी आलाच.

सभा पाऊण तास चालली. त्यातला निम्मा वेळ मेच्या एक तारखेच्या रोषणाईत गेला. राज्य मिळतंय ना आपल्याला, मुंबईसकट. मंडळाच्या दारावर विजेची माळ सोडायची की कागदी कंदील टांगायचे, यावर दोन तट पडले. मग कुणाला तरी आठवलं की आपण केरबासाठी जमलोय. लगेच सगळ्यांनी चेहरे पाडले. आमचे अध्यक्ष धर्माजी, साचेखात्यातले जॉबर, जे घरात पाणी मागतानाही चाळीस माणसांना हुकूम सोडल्यासारखं मागतात, ते उभे राहिले आणि म्हणाले, "केरबा म्हणजे आपल्या मंडळाचा आधारस्तंभ." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत, याच बाकावर बसून, याच तोंडानं त्यांनी तो आधारस्तंभ उपटून बाहेर टाकला होता. त्यांच्या मागून सहाजण बोलले. सहाही जणांनी तू शांत स्वभावाचा होतास असं सांगितलं. माणूस मेला की शांत स्वभावाचा होतोच, त्याला फारशी मेहनत पडत नाही.

सभा उठताना धर्माजींनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "सेक्रेटरी, मंडळाच्या अंकासाठी दोन शब्द लिहा त्याच्यावर. तुमचा दोस्त होता. चांगलं लिहा. ते प्रकरण नको."

मी हो म्हणालो. मी नेहमीच हो म्हणतो. गिरणीच्या टाइम ऑफिसात वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या मानेला दुसरी दिशा ठाऊक नसते.

तिथून तुझ्या खोलीवर गेलो. पारूवहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिवणार म्हनं तुमी?"

"हो वहिनी."

"मग एवढंच लिवा, त्येंच्या अंगात येत न्हवतं. बाकीचं ग्वाड ग्वाड तुमच्यापाशीच ठेवा." सुपातला खडा उचलून त्यांनी दाराबाहेर फेकला. तो माझ्या पायाशी पडला. "पोरीला बघायला येत्यात, भावजी. चहा पिऊन जात्यात. मग खाली नळावर कुनीतरी सांगतं, ह्ये पोतराजाचं घर हाय, मंडळानं नाव कापलंय. दोन जागा गेल्या. मंडळानं लिवलंय म्हंजे खरंच आसंल की."

मंडळानं म्हणजे मी. ठराव माझ्या हातचा आहे. अक्षर चांगलं आहे म्हणून लिहायचं काम नेहमी माझ्याकडेच असतं.

तर हे ते दोन शब्द. धर्माजी छापतील की नाही, ठाऊक नाही. नाही छापले तर मी चाळीत खोलीखोलीतून वाचून दाखवीन.

जे तुला आणि मला दोघांनाच ठाऊक होतं ते आधी सांगतो. आता ते तुझ्याकडे कायमचं सुरक्षित आहे. तुझ्याकडे ते तेव्हाही सुरक्षित होतं, हेच मला कळलं नाही.

चार वर्षांपूर्वीचा, जानेवारीतला गोळीबार आठव. लालबागच्या नाक्यावर मी पहिल्या रांगेत होतो, हे खरं. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" असं घसा फुटेस्तोवर ओरडत होतो, हेही खरं. चाळीत त्यापुढचं जे सांगतात ते सगळं खोटं. माझ्या शेजारचा माणूस पडला. कोण होता, कुठल्या गिरणीतला, मला आजही माहीत नाही. पडताना त्यानं माझ्या सदऱ्याची बाही धरली. केरबा, मी ती बाही सोडवून घेतली. एक एक बोट उलगडून सोडवली, सावकाश, नीट, टाइम ऑफिसातली टाचणी काढावी तशी. मग एका हातगाडीखाली शिरलो आणि तिथंच माझा लेंगा ओला झाला.

तू पाळी सुटून गल्लीगल्लीतनं येत होतास. माझा पाय गाडीखालून बाहेर दिसला म्हणून ओढलास. काही विचारलं नाहीस. तुझ्या खांद्यावरचा पंचा माझ्या कमरेला गुंडाळलास आणि मला मागच्या बोळांतून घरी आणलंस. चाळीच्या जिन्यावर लोक जमले होते. "नामदेव गोळ्यांतून आले!" कुणी तरी हारसुद्धा आणला. मी तो घातला. खाली तुझा पंचा, वर झेंडूचा हार. तू गॅलरीच्या कठड्याला टेकून बिडी ओढत होतास. तेव्हा तू हसला असतास तरी बरं झालं असतं.

त्या दिवसापासून माझे हात थरथरायला लागले. हजेरीच्या रजिस्टरावर शाईचे डाग पडायचे. साहेबाला मी हिवताप म्हणून सांगितलं. तीन आठवडे गेले, मग एक दिवस नळावर तू हळूच म्हणालास, "नाम्या, उद्या पहाटे चल."

"कुठं?"

"शिवडीला. खाजनात."

"काय करायला?"

"काय न्हाई करायला."

असलं तुझं बोलणं. माणसाच्या कानाखाली काढावी असं वाटणारं.

ओहोटीचा चिखल, बाजूला दोन मोडके मचवे, सुक्या बोंबलांचा वास. तू चपला काढल्यास, उभा राहिलास आणि थोड्या वेळानं हलायला लागलास. मी खरं सांगतो, पहिल्या दिवशी मला तुझी कीव आली. तो नाच नव्हता, कसरत नव्हती, तालमीतल्या पैलवानांचं शरीर घुमवणंही नव्हतं. काहीतरी खाली पडलंय आणि कुठं ते आठवत नाही अशा माणसासारखा तू वळायचास. उकिडवा बसायचास, एक हात चिखलावर टेकवायचास, मग म्हैस उठते तसा मागच्या बाजूनं उठायचास. दोन पावलं चालायचास आणि तिसरं अधांतरीच ठेवायचास. कधी आडवा होऊन कुशीवर वळायचास. ताल नाही, मोजमाप नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. आठ तास कार्डिंग खात्यात कापसाचा भुगा गिळणाऱ्या माणसानं झोपेतला तास मोडून करायचं हे काम!

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हलतोय."

"ते दिसतंय. कशासाठी?"

तू विचार केलास. तुझी ही खोड पुढं तुला बाधली. साध्या प्रश्नावरही तू विचार करायचास. "थांबलो तर कळत न्हाई कुठं आखडलंय ते. हललो की कळतं."

मग माझ्या हातांकडे बघून म्हणालास, "थरथर दाबू नगंस. तिला कुठं जायचंय ते बघ. तू निस्ता मागनं जा."

मी गेलो तिच्या मागनं. हे लिहायला मला चार वर्षं लागली. थरथर मनगटातून कोपरात गेली, खांद्यात गेली, छातीत, मग गुडघ्यांत. मी चिखलात बसलो. माझ्या घशातून जो आवाज आला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आणि मग मी सगळं बोललो. बाही, बोटं, एक एक बोट. तू दहा पावलांवर होतास. जवळ आला नाहीस, पाठीवर हात ठेवला नाहीस, "होतं असं" म्हणाला नाहीस. तू तुझं हलत राहिलास आणि माझ्याकडे पाहिलंही नाहीस. आयुष्यात मला कुणी एवढ्या आदरानं एकटं सोडलं नव्हतं.

साडेतीन महिने मी रोज आलो. माझे हात सुधारले. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय, आणि करतानाही माझी लाज मला सांगतेय की लिही, औषधानं सुधारले.

परतताना तू जावा बेटाच्या गोष्टी सांगायचास. जपानी हरल्यावर तुमची खेचरांची पलटण तिकडं गेली होती. डोंगराएवढं दगडी बांधकाम, वर घंटांच्या आकाराचे स्तूप आणि जाळीच्या घंटेत बसलेले बुद्ध. तिथं खेचरांसाठी गवत आणून देणारा एक म्हातारा पहाटे त्या दगडांत असाच हलायचा. तू आधी हसलास. त्यानं तुला नुसतं चालायला लावलं, महिनाभर नुसतं चालणं. त्याची भाषा तुला येत नव्हती, तुझी त्याला. शिकवणी अशी झाली.

"म्हणजे तो बौद्ध होता?" मी विचारलं.

"नमाज पढायचा. दगडांस्नीबी हात लावायचा."

"मग नक्की कोण होता?"

"इचारलं न्हाई."

मला संताप यायचा. पुस्तकं वाचून, व्याख्यानं ऐकून, टिपणं काढून मी जे मिळवत होतो, ते तू गवतवाल्याकडून घेऊन आला होतास आणि त्याची जात-धर्मसुद्धा विचारली नव्हतीस! मी तुला म्हणायचो, "केरबा, बुद्ध बसलेला आहे. सगळ्या मूर्ती बघ. तो हलत नाही." तू म्हणायचास, "बसायच्या आधी हलला आसंल की. उठल्यावरबी." हा वाद आपण शिवडीपासून परळपर्यंत किती वेळा ओढत आणला. तो मी जिंकला नाही. म्हणून पुढं मंडळाच्या खोलीत जिंकला.

त्याच वर्षी डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर, ज्या चितेपुढे सगळं गिरणगाव रडत उभं होतं तिच्यापुढे, आपण दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून हात वर केले. दीक्षा घेतली. आठवडाभरात चाळीतले देव टोपल्यांतून समुद्रात गेले. नवं मंडळ झालं, मी सेक्रेटरी झालो आणि पावसाळ्यात सुटलेली शिवडी पुन्हा धरायला मला वेळ मिळेना. वेळ मिळेना हे मी तुला सांगितलं ते. खरं असं की बरा झालेला माणूस वैद्याची गल्ली टाळतो. तुझ्याकडे बघितलं की मला माझा लेंगा आठवायचा. लोक मला हुतात्म्यांच्या पंगतीतला समजत होते, सभेत पुढची खुर्ची देत होते, आणि तू मागच्या भिंतीला टेकून बसलेला असायचास. मी "त्या दिवशी गोळ्या सुटल्या तेव्हा" असं सुरू केलं की माझी नजर आपोआप तुझ्याकडे जायची. तू कधीही काही बोलला नाहीस. न बोलणाऱ्या माणसाची भीती किती वाढत जाते, हे तुला कळलं नसेल. तुझा बाप पोतराज होता, तुला दुसरीच भीती माहीत.

आता ती पौर्णिमा.

आपल्या मंडळाची दुसरी बुद्धजयंती. बाहेरून वक्ते आले होते, चष्मा लावलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. पटांगणात पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. वंदना झाली. वक्त्यांचं भाषण सुरू व्हायचं होतं, आणि तू उठलास. केरबा, का उठलास? एवढी वर्षं शिवडीच्या चिखलात, माणसाच्या नजरेआड केलंस, आणि त्या दिवशीच का? वहिनींनी मला नंतर सांगितलं की तू म्हणाला होतास, "समद्यांनी फुलं वाहिली. माझ्यापाशी हेच हाय." तू मूर्तीपुढे उभा राहिलास, डोळे अर्धे मिटलेस आणि हललास. एक वळण, एक उकिडवं बसणं, जमिनीला टेकवलेला हात. फार तर दहा मिनिटं.

पण पाहणारे कोण होते? ज्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनी डोळे मिटून हलणारा माणूस एकाच कारणानं बघितला होता, ते. आणि हलणारा कोण? पोतराजाचा थोरला मुलगा. कमरेला चिंध्यांचा घागरा, मोकळे केस आणि अंगावर आसूड ओढत मरीआईचा गाडा दारोदार नेणाऱ्या बापाचा. देवीला वाहिलेला. पलटणीच्या न्हाव्यानं केस कापले नसते तर तूही तोच आसूड ओढला असतास.

आधी कुजबुज झाली. मग शेवटच्या खोलीतली कोंडाबाई उठली. सत्तर वर्षांची म्हातारी, जिनं स्वतःच्या हातानं देव्हारा चौपाटीवर नेऊन बुडवला होता. ती धावतच पुढं आली, तुझ्या पायावर पडली आणि ओरडली, "आई! माझा म्हादू कुठं हाय ते सांग गं आई! सात वरसं झाली! जित्ता हाय का न्हाई तेवढं सांग!"

तू थांबलास. तिला उठवायला वाकलास. आणि तेवढ्यात आणखी दोन बायका हात जोडून पुढं आल्या. कुणीतरी घरातून लपवून ठेवलेला हळदीचा करंडा आणला. लपवून ठेवलेला, समजलं? वक्त्यांनी चष्मा पुसला. धर्माजींचा चेहरा असा झाला होता की जणू सगळे साचे एकदम बंद पडलेत. लाज वाटण्यासारखं बरंच काही होतं त्या पटांगणात: तो करंडा, सात वर्षं मुलाची वाट बघणाऱ्या बाईला आम्ही दिलेली नुसती भाषणं. पण लाज बाहेर काढायला एक माणूस लागतो, आणि तो मूर्तीपुढे आयताच उभा होता.

तिसऱ्या दिवशी तुला बोलावलं. मंडळाची खोली, पाच पंच, कोपऱ्यात वही घेऊन मी.

धर्माजी म्हणाले, "केरबा, अंगात आलं व्हतं का न्हाई, एवढंच सांग."

"न्हाई."

"मग काय व्हतं ते?"

"हलत व्हतो."

"कोन हालवत व्हतं?"

इथं कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, मीच. तू विचार केलास! मान खाली घालून, चांगलं अर्धं मिनिट. आणि म्हणालास, "ते आजून कळलं न्हाई."

खोलीत हशा पिकला आणि लगेच विझला. तुला वाटलं असेल तू खरं बोललास. तुझ्या खरेपणाचा मला वीट आला होता, केरबा, आजही आहे. तुला कळत नव्हतं का, की ही माणसं कालपर्यंत जिच्या कोपाला घाबरत होती तिलाच तू दारातून पुन्हा आत ढकलतोयस? त्यांचं चुकलं, पण त्यांची भीती खोटी नव्हती. तू एक शब्द जुळवून बोलला असतास तर सुटला असतास. शब्दांवाचून शिकलास, म्हणून शब्दांत सांगता आलं नाही. आणि आमच्या मंडळात तर सगळा कारभार शब्दांचाच.

मग धर्माजी माझ्याकडे वळले. "सेक्रेटरी, तुमी ह्याचे दोस्त. शिवडीला जाता येता लोकांनी बघितलंय तुमास्नी. तुमाला काय वाटतं?"

तुझी नजर माझ्यावर होती. शांत होती. मला वाटलं, आता हा बोलणार. आता म्हणणार, नाम्यालाच विचारा, तोही हललाय, साडेतीन महिने हललाय, का हलला ते विचारा.  आणि तू बोलायच्या आत मी बोललो.

मी म्हणालो, "मी त्याला समजवायला जात होतो. मी डोळ्यांनी पाहिलंय. बुबुळं वर जातात, घशातून आवाज येतो. हे जुनंच आहे. मरीआईचंच आहे."

घशातून आवाज माझ्या आला होता. तो मी तुझ्या गळ्यात घातला.

 तुझ्याकडे तेव्हा एक वाक्य होतं. ते वाक्य बोलला असतास तर त्या खोलीतून तू नाही, मी बाहेर पडलो असतो. तू ते वाक्य तसंच घेऊन उठलास, दारात चपला घातल्यास आणि वर गेलास. लोक याला मोठेपणा म्हणतील. मी नाही म्हणणार. तू मला खोटा ठरवला असतास तर मी एकदाचा रडून मोकळा झालो असतो. तू मला माझ्या खोटेपणासकट सेक्रेटरी राहू दिलंस. दोन वर्षं.

ठराव मी लिहिला. "प्रतिज्ञांचा भंग करून अंगात येण्यासारख्या त्याज्य प्रकारास उत्तेजन दिल्याबद्दल नाव यादीतून कमी करण्यात येत आहे." वाळीत हा शब्द टाळला. आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांनी निदान वेलांट्या तपासत बसायचे कष्ट घेतले नव्हते. आम्ही घेतले. सगळ्यांनी सह्या केल्या, दोघांनी अंगठे. एकानंही विचारलं नाही की म्हातारीनं पाय धरले यात उभ्या माणसाचा दोष काय. आणि हे लोक एक तारखेला स्वतःच्या राज्याचे नागरिक होणार! दिवे लावा. भरपूर लावा.

पुढची दोन वर्षं आपण जिन्यावर भेटायचो. मी वर, तू खाली, किंवा उलट. तू बाजूला व्हायचास. मी घड्याळात बघायचो. हातात घड्याळ नसलं तरी मनगटाकडे बघायचो. पहाटे तुझ्या चपलांचा आवाज ऐकू यायचा, शिवडीला निघालेला. मग खोकल्याचा आवाज त्याच्या पुढं ऐकू यायला लागला. मग नुसता खोकलाच. एवढं शरीरावर लक्ष ठेवून शेवटी काय झालं? कापसाच्या भुग्यानं तुझी फुप्फुसं भरली, तुझ्या जावाच्या म्हाताऱ्याच्या सगळ्या पहाटा त्यापुढं फिक्या पडल्या. मी हे समाधानानं लिहितोय असं वाटत असेल तर वाटू दे. मला तुझी ती पद्धत हवी होती, आणि ती माझ्याकडे राहिली नाही, म्हणून मला तिच्यातलं काहीतरी हरलेलं बघायचं होतं.

इस्पितळात एकदाच आलो. माफी मागायची म्हणून निघालो होतो. भायखळ्याच्या पुलावर ती वाक्यं तीनदा पाठ केली. तू उताणा पडला होतास. अंगाला आता हलवत नव्हतं. चादरीवर फक्त उजव्या हाताची दोन बोटं हलत होती. वळत होती, टेकत होती, उठत होती. शिवडीत अख्खं शरीर जे करायचं ते आता दोन बोटं करत होती. मी ते बघितलं आणि पाठ केलेलं सगळं गेलं.

मी म्हणालो, "केरबा, राज्य मिळणार बरं का. मुंबईसकट. ठरलं."

तू हसलास. "बेस झालं. तू पुढंच व्हतास की."

त्यात टोमणा होता का, हे मी आठ दिवस शोधतोय. नव्हता. टोमणा असता तर मला झोप लागली असती.

आता साक्ष. ही मंडळाच्या दप्तरात जावी म्हणून वेगळी लिहितो.

मी, मंडळाचा सेक्रेटरी नामदेव, केरबाबरोबर शिवडीच्या खाजणात साडेतीन महिने हललो. त्यानं मला जे शिकवलं त्यात देवी नव्हती, नवस नव्हता, हळद नव्हती. माझ्या अंगात कुणी आलं नाही, त्याच्याही नाही. ते तो बुद्धाच्या दगडांपाशी शिकला होता, आपण सगळ्यांनी दीक्षा घेतली त्याच्या दहा वर्षं आधी. त्याच्याविरुद्धची माझी साक्ष खोटी होती. गोळीबाराच्या दिवशी मी हातगाडीखाली होतो, आणि ते फक्त त्याला ठाऊक होतं, म्हणून ती दिली. ठराव रद्द करा, त्याचं नाव पुन्हा यादीत घाला आणि माझं काय करायचं ते पंचांनी ठरवावं.

इथं संपवलं होतं. आज सकाळी हे सगळं घेऊन पारूवहिनींकडे गेलो. त्यांना वाचता येत नाही. मी दारात बसून पहिल्या ओळीपासून वाचलं.  कोंडाबाईच्या जागी त्यांनी एकदा पदर डोळ्यांना लावला. बाहीच्या जागी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. संपल्यावर मी कागद घडी करायला लागलो.

"ऱ्हायलं की एक," त्या म्हणाल्या.

"काय वहिनी?"

"मसनातलं."

मला वाटलं होतं ते कुणाच्या लक्षात नाही.

केरबा, तुला न्यायला मंडळाचे तीस जण आले होते. खांदा द्यायला भांडत होते. पण सरणाजवळ तुझ्यासाठी त्रिशरण कोण म्हणणार, हा प्रश्न आला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नाव कापलेल्या माणसासाठी मंडळानं म्हणावं का? धर्माजी पायाकडे बघत होते. मंडळात वंदना म्हणायचं काम माझं आहे. मी रोज म्हणतो. मी चंदनाच्या पुडीची सुतळी सोडत बसलो. मग वहिनी पुढं आल्या. बाईमाणूस सरणापाशी म्हणून दोघा-तिघांनी भुवया वर केल्या. त्यांनी हात जोडले, मोठ्यानं बुद्धाला शरण म्हटलं, धम्माला शरण म्हटलं, आणि संघाला शरण म्हणायच्या जागी थांबल्या. आम्ही वाट बघितली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा तिथंच थांबल्या. मला वाटलं, बिचारीला पाठ नाही. पुढची ओळ माझ्या ओठांवर होती. तीन शब्द. मी दिले नाहीत. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "पेटवा."

हे मी वहिनींना बोलून दाखवलं, जसं आत्ता लिहिलंय तसं. शेवटी म्हणालो, "मी पुढची ओळ सांगायला हवी होती. तुम्ही विसरला होतात आणि मी..."

"मी इसरले न्हवते," त्या म्हणाल्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "मला येतीया ती ओळ. तुमच्यातलं कोन म्हनतंय का, ते बगत व्हते."

मी कागद उलगडला. लिहायला खाली बघितलं तर हात थरथरत होता. त्या थांबल्या, मी शाई टिपेपर्यंत.

"लिवा," त्या म्हणाल्या. "ह्येबी लिवा."